फोटो गेले नाहीत, दाराचं नाव बदललंय : लिनक्समधली नेटवर्कची नावं आणि ती पक्की करायची रीत

(प्रसारणाची संहिता. वाचकांसाठी सूचना : कार्यक्रमात आज्ञा आणि नावं बोलून सांगितली होती, म्हणून इथेही ती उच्चाराप्रमाणेच ठेवली आहेत. संगणकावर टाइप करताना ती इंग्रजी लहान अक्षरांत लिहा. मोठं अक्षर हवं असेल तिथे तसं वेगळं सांगितलं आहे.)

आपल्या तंत्रज्ञानाच्या सदरात आज विषय थोडा रुक्ष वाटेल, पण ज्यांच्या बेसमेंटमध्ये किंवा कपाटात एखादा जुना संगणक दिवसरात्र गुणगुणत असतो त्यांनी जरूर ऐकावा.

असे संगणक आपल्या मंडळींच्या घरी बरेच आहेत. ऑफिसातून निवृत्त झालेला एखादा डेस्कटॉप असतो, त्यावर लिनक्स घातलेलं असतं आणि त्याच्या पोटात घराचा सगळा ऐवज असतो : मुलांच्या बारशापासूनचे फोटो, मुंजीचं चित्रीकरण, भारतात आजीनं सांगितलेल्या आणि फोनवर टिपून ठेवलेल्या गोष्टी. पुण्या-नाशिकला बसलेले आजी-आजोबा त्याच संगणकावरून नातवंडांचे फोटो बघत असतात.

मग एक दिवस डिस्क भरते. आपण नवी एनव्हीएमई डिस्क आणतो, झाकण उघडून बसवतो, झाकण लावतो, बटण दाबतो. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण संगणक घरातल्या एकाही फोनला किंवा टीव्हीला दिसत नाही. पहिली शंका येते ती वाईटच : डिस्क गेली, फोटो गेले! आणि घाबरून काही जण लिनक्स पुन्हा पहिल्यापासून घालायला बसतात. अनर्थ होतो तो इथे. फोटो तोवर सुखरूप असतात, ते पुसले जातात या घाईत.

म्हणून आजचा पहिला मुद्दा हाच. नवं हार्डवेअर बसवल्यावर लिनक्सचा संगणक नेटवर्कवरून गायब झाला, तर पुष्कळदा फक्त एक गोष्ट झालेली असते. नेटवर्कच्या दाराचं नाव बदललेलं असतं, आणि आपली जुनी चिठ्ठी मात्र जुन्याच नावावर असते. हे नाव कोण ठेवतं, ते का बदलतं आणि पक्कं कसं करायचं, ते आज पाहू.

दार म्हणजे काय?

संगणकाच्या मागे जिथे आपण इथरनेटची केबल खोचतो ते एक दार. वायफायचं कार्ड हे दुसरं दार. लिनक्सच्या भाषेत याला नेटवर्क इंटरफेस म्हणतात, आणि प्रत्येकाला एक नाव असतं. हे नाव जास्तीत जास्त १५ अक्षरांचं असू शकतं. संगणकाचा नेटवर्कवरचा पत्ता काय, फायरवॉलनं कोणाला आत घ्यायचं, कोणाला अडवायचं, हे सगळे नियम पुष्कळदा या नावावर लिहिलेले असतात. नाव चुकलं की नियम हवेत राहतात.

पूर्वी ही नावं अगदी सोपी होती. पहिलं दार ‘ईथ०’, दुसरं ‘ईथ१’, तिसरं ‘ईथ२’. वायफायचं ‘डब्ल्यूलॅन०’. पण ‘पहिलं’ म्हणजे कुठलं? तर संगणक सुरू होताना कर्नलला जे आधी सापडेल ते. आपल्या पंगतीसारखं : जो आधी आला तो पहिल्या पाटावर. एकच पाहुणा असेल तर काही बिघडत नाही. पण दोन पाहुणे असतील, तर आज थोरला आधी येईल, उद्या धाकटा.

एकाच दाराच्या घरगुती संगणकाला याचा त्रास नव्हता. त्रास होता तो दोन दारांच्या संगणकाला. समजा एक दार बाहेरच्या इंटरनेटकडे उघडतं आणि दुसरं घराच्या आत. फायरवॉलला सांगितलंय, ‘ईथ०’ला कडक पहारा, ‘ईथ१’ला मोकळीक. संगणक पुन्हा सुरू झाला आणि नावांची अदलाबदल झाली, तर पुढच्या दाराची कडी निघाली आणि माजघराला कुलूप लागलं! हा सोयीचा प्रश्न राहिला नाही, सुरक्षेचा झाला.

बारसं कोण करतं?

यावर उपाय शोधण्याचे प्रयत्न बरीच वर्षं चालू होते. एक उपाय होता कार्डाच्या हार्डवेअर पत्त्यावरून नाव लक्षात ठेवण्याचा. डेल कंपनीनं ‘बायोसडेव्हनेम’ नावाचं साधन काढलं, ते मदरबोर्डवरच्या जागेवरून नाव देत असे. मग जानेवारी २०१३मध्ये ‘सिस्टमडी’ची १९७वी आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर आजची पद्धत आली. पुढे एकेक वितरणांनी ती स्वीकारली. उबुंटूमध्ये ती १५.१० या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५मध्ये आली, आणि डेबियनमध्ये नवव्या आवृत्तीपासून, २०१७मध्ये.

ही पद्धत समजायला आपलं बारसं आठवा. मूल जन्मलं की बारशापर्यंत त्याला सगळे नुसतं ‘बाळ’ म्हणतात. मग बारशाला खरं नाव ठेवलं जातं. तसंच इथे. कर्नल आधी प्रत्येक कार्डाला ‘ईथ०’ असं तात्पुरतं नाव देतो. मग ‘यूडेव्ह’ नावाचा, सिस्टमडीचाच एक घटक, ते कार्ड कुठे बसलंय हे पाहतो आणि त्यावरून पक्कं नाव ठेवतो. हे सगळं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच होतं, पण कर्नलच्या रोजनिशीत त्याची नोंद राहते : अमुक कार्ड, आधीचं नाव ‘ईथ०’, नवं नाव तमुक.

ही नवी नावं पहिल्यांदा बघताना विचित्र वाटतात. ‘ईएनपी३एस०’ हे काय नाव झालं? पण फोड केली की कोडं सुटतं.

पहिली दोन अक्षरं जात सांगतात. ‘ईएन’ म्हणजे इथरनेट. ‘डब्ल्यूएल’ म्हणजे वायफाय. ‘डब्ल्यूडब्ल्यू’ म्हणजे मोबाइलचं सिमकार्ड असलेलं कार्ड.

पुढची अक्षरं पत्ता सांगतात. ‘ओ’ आला, जसं ‘ईएनओ१’, तर दार मदरबोर्डवरच बसवलेलं आहे आणि बोर्डाच्या फर्मवेअरनंच त्याला एक नंबर दिलाय. ‘एस’ आला, जसं ‘ईएनएस३३’, तर तो खाचेचा, म्हणजे स्लॉटचा नंबर. आभासी संगणक वापरणाऱ्यांना अशी नावं ओळखीची असतील. आणि ‘पी’ व ‘एस’ दोन्ही आले, जसं ‘ईएनपी३एस०’, तर तो पूर्ण पत्ता : पीसीआय बस नंबर ३, खाच नंबर ०. एकाच कार्डावर दोन-चार दारं असतील तर शेवटी ‘एफ०’, ‘एफ१’ अशी शेपटी लागते.

यूडेव्ह हे याच क्रमानं करून बघतो. फर्मवेअरनं नंबर दिलाय? मग ‘ओ’चं नाव. नाही? मग खाचेचा नंबर मिळतो का? तोही नाही? मग बसचा पत्ता. काहीच जमलं नाही तर जुनं ‘ईथ०’ तसंच राहतं.

आता यात वाद कसला? संगणक कितीही वेळा सुरू करा, कार्ड त्याच जागी आहे तोवर नाव तेच राहणार. दोन दारांची अदलाबदल बंद झाली. पद्धत चांगलीच आहे. फक्त एक अट तिच्या पोटात दडलेली आहे : पत्ता तोच राहिला पाहिजे.

मग नाव बदलतं कसं?

गल्लीतलं तिसरं घर तुमचं, म्हणून तुम्हाला सगळे ‘तीन नंबरवाले’ म्हणतात. उद्या गल्लीच्या तोंडाशी एक नवीन घर उभं राहिलं आणि नगरपालिकेनं सगळ्या घरांना पुन्हा सुरुवातीपासून नंबर दिले, तर तुम्ही जागचे हलला नाहीत, तरी चार नंबरवाले झालात.

पीसीआय बसचं हेच होतं. संगणक सुरू होताना प्रत्येक फांदीवर काय काय जोडलंय हे पाहत तो ओळीनं बसचे नंबर वाटत जातो. नवी एनव्हीएमई डिस्कसुद्धा पीसीआय बसवरच बसते. ती नेटवर्क कार्डाच्या आधीच्या फांदीवर बसली, तर कार्डाचा नंबर एकानं पुढे सरकतो. काल ‘ईएनपी३एस०’ असलेलं दार आज ‘ईएनपी४एस०’ होतं. डिस्कचा आणि नेटवर्कचा संबंध काय, असं वाटतं खरं, पण तो हा. ग्राफिक्स कार्ड काढलं किंवा घातलं, बायोस अपडेट केलं किंवा बायोसमधून एखादा घटक बंद केला, तरी असं होऊ शकतं.

दुसरं कारण सॉफ्टवेअरचं. काही महागड्या, वेगवान कार्डांच्या बाबतीत नव्या कर्नलमधला ड्रायव्हर दाराचं स्वतःचं नावही सांगायला लागतो, आणि मग आधीच्या नावाला ‘एनपी०’ अशी जादा शेपटी चिकटते. शिवाय नावं ठेवायचे सिस्टमडीचे नियमही आवृत्तीगणिक थोडे थोडे बदलत आलेत. त्यामुळे वितरणाची मोठी उडी मारताना, म्हणजे एका मुख्य आवृत्तीवरून पुढच्या आवृत्तीवर जाताना, नाव बदलू शकतं हे ध्यानात ठेवा.

आणि नाव बदललं की काय होतं? सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिलंय : ‘ईएनपी३एस०’ला अमुक पत्ता द्या. संगणक शोधतो, त्या नावाचं दारच नाही. मग तो कोणालाच पत्ता देत नाही. डिस्का चालू, फोटो जागेवर, सगळं शाबूत. फक्त दाराबाहेर पाटी नाही.

आधी निदान

असं झालं तर क्रमानं काय करायचं ते सांगतो.

एक. संगणकाला मॉनिटर आणि कीबोर्ड जोडा. घरातला टीव्हीही मॉनिटर म्हणून चालतो. काहीही पुन्हा इन्स्टॉल करायचं नाही, नवी डिस्कही फॉरमॅट करायची नाही.

दोन. लॉगइन करून ‘आयपी’, मग एक जागा सोडून ‘लिंक’ एवढंच लिहा आणि एंटर दाबा. दारांची यादी येईल. पहिलं ‘एलओ’ असेल. ते संगणकाचं स्वतःशीच बोलायचं दार, ते सोडून द्या. ‘ईएन’नं सुरू होणारं नाव बघा आणि कागदावर लिहून घ्या. त्याच्या खालच्या ओळीत ‘लिंक’, तिरकी रेघ, ‘ईथर’ या शब्दांपुढे अंक-अक्षरांच्या सहा जोड्या दिसतील, मध्ये विसर्गासारखे दोन टिंब असलेल्या. तो मॅक पत्ता, म्हणजे कार्डाची जन्मखूण. कारखान्यातूनच तो येतो. पहिल्या तीन जोड्या उत्पादकाच्या आणि उरलेल्या तीन त्या कार्डाच्या. तोही लिहून घ्या, लागणार आहे.

तीन. सेटिंगच्या फाइलमध्ये कुठलं नाव आहे ते बघा. डेबियनवर ही फाइल बहुधा ‘इटीसी’ फोल्डरमधल्या ‘नेटवर्क’ फोल्डरात ‘इंटरफेसेस’ नावाची असते. उबुंटू सर्व्हरवर ‘इटीसी’मधल्या ‘नेटप्लॅन’ फोल्डरात बघा. फाइलीतलं नाव आणि यादीतलं नाव वेगळं निघालं, की निदान झालं.

दोन्ही नावं सारखीच असतील तर दोष दुसरीकडे आहे : केबल, राउटर किंवा कार्ड. आणि यादीत ‘ईएन’ किंवा ‘ईथ’चं नावच नसेल, तर कार्ड ओळखलंच गेलेलं नाही. मग नावांच्या भानगडीत न पडता ड्रायव्हर किंवा बायोसकडे बघा.

तात्पुरता उपाय सोपा आहे. फाइलची एक प्रत आपल्या होम फोल्डरमध्ये ठेवा, मूळ फाइलीतलं जुनं नाव काढून नवं घाला आणि संगणक पुन्हा सुरू करा. प्रत नेटप्लॅनच्याच फोल्डरात ‘याएमएल’ शेपटीनं ठेवू नका. नेटप्लॅन त्या फोल्डरातल्या तसल्या सगळ्या फाइली वाचतो, आणि मग दोन कारभारी एका घरात, अशी अवस्था होते.

कायमचा उपाय : तीन वाटा

पुढच्या वेळी पुन्हा हाच खेळ नको असेल तर तीन वाटा आहेत. कुठली घ्यायची ते तुमच्या घरात किती दारं आहेत त्यावर ठरवा.

पहिली वाट, एकच केबल असलेल्या संगणकासाठी. नावावर अवलंबूनच राहू नका. संगणकाचा पत्ता राउटरमध्ये राखून ठेवता येतो. राउटरच्या सेटिंगमध्ये मॅक पत्ता देऊन सांगायचं, याला नेहमी हाच पत्ता दे. संगणकाला फक्त एवढंच सांगायचं की जे कुठलं इथरनेटचं दार असेल त्यावर राउटरकडून पत्ता माग. नेटप्लॅनमध्ये ‘मॅच’खाली नाव म्हणून ‘ईएन’ आणि पुढे फुली, म्हणजे तारांकन, असं अवतरणचिन्हांत लिहिता येतं. त्याचा अर्थ ‘ईएन’नं सुरू होणारं कुठलंही नाव. सिस्टमडीचं नेटवर्कडी वापरत असाल तर त्याच्याही ‘मॅच’ विभागात असंच लिहिता येतं. डेस्कटॉपवरचा नेटवर्कमॅनेजर तर केबल दिसली की मुळातच असं वागतो, म्हणून लॅपटॉप वापरणाऱ्यांना या नावांचा कधी पत्ताच लागत नाही.

दुसरी वाट, जुनी नावं परत आणण्याची. संगणक सुरू होताना कर्नलला ‘नेट डॉट आयएफनेम्स बरोबर शून्य’ असा निरोप द्यायचा, की नवं बारसं होतच नाही, ‘ईथ०’ हेच नाव राहतं. ग्रबच्या सेटिंगमध्ये तो लिहितात. हे मागे घेणं सोपं आहे, पण दोन दारं असतील तर पंगतीची जुनी कटकट परत आली हे समजून चला. एकाच दाराच्या संगणकावर चालेल, दोन दारांच्या संगणकावर ही वाट नको.

तिसरी वाट खरी भक्कम : नाव आपणच ठेवायचं आणि ते जन्मखुणेला बांधायचं. कार्ड कुठल्याही खाचेत जावो, बस नंबर काहीही होवो, मॅक पत्ता तोच, म्हणून नाव तेच. आता ही कृती सावकाश पाहू.

आपण ठेवलेलं नाव

नाव काय ठेवायचं? ‘ईथ०’ ठेवू नका. ती नावं कर्नल स्वतः तात्पुरती वापरतो, त्यामुळे टक्कर होऊ शकते. ‘लॅन०’ ठेवा. किंवा सरळ मराठी ठेवा, ‘घर०’ : इंग्रजीत जी, एच, ए, आर आणि शून्य. १५ अक्षरांत बसतं, मध्ये जागा नाही, तिरकी रेघ नाही, चालतं. दोन दारं असतील तर आतलं ‘घर०’ आणि बाहेरचं ‘दार०’ ठेवलंत, तर वर्षभरानं फायरवॉलचे नियम वाचतानाही अर्थ कळेल.

पायरी पहिली. जुनं नाव कुठे कुठे लिहिलेलं आहे ते शोधा. ‘सुडो ग्रेप’, मग हायफन आर, मग जुनं नाव, मग तिरकी रेघ आणि ‘इटीसी’. फायरवॉल, आभासी संगणकांचा पूल, घराबाहेरून यायचं व्हीपीएन, अशा ठिकाणी ते लपलेलं असतं. सापडलेल्या जागा कागदावर लिहा. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण ती टाळली की एक गोष्ट सुधारते आणि दुसरी बिघडते.

पायरी दुसरी. ‘इटीसी’मधल्या ‘सिस्टमडी’मधल्या ‘नेटवर्क’ फोल्डरात नवी फाइल करा. नाव : १०, हायफन, घर०, टिंब, लिंक. शेपटी ‘लिंक’ हवीच. सुरुवातीचा १० महत्त्वाचा आहे. यूडेव्ह फाइली नावाच्या क्रमानं वाचतो आणि जी पहिली जुळेल तीच घेतो. सिस्टमडीची स्वतःची फाइल ९९नं सुरू होते, म्हणून आपली तिच्या आधी यायला हवी. आकडे इंग्रजीच लिहायचे, हे वेगळं सांगायला नको.

पायरी तिसरी. फाइलमध्ये पाच ओळी लिहा.
पहिली ओळ : चौकटी कंसात ‘मॅच’, पहिलं अक्षर मोठं.
दुसरी ओळ : ‘मॅकॲड्रेस’, बरोबरचं चिन्ह, आणि लिहून घेतलेल्या सहा जोड्या. ‘मॅक’ची तिन्ही अक्षरं मोठी, ‘ॲड्रेस’चं पहिलं मोठं, सगळं जोडून.
तिसरी ओळ : ‘टाइप’, बरोबर, ‘ईथर’. ‘टाइप’चं पहिलं अक्षर मोठं, ‘ईथर’ सगळं लहान.
चौथी ओळ : चौकटी कंसात ‘लिंक’, पहिलं अक्षर मोठं.
पाचवी ओळ : ‘नेम’, पहिलं अक्षर मोठं, बरोबर, आणि आपलं नाव.

तिसऱ्या ओळीचं काय काम, असं विचाराल. खऱ्या कार्डावर आधारलेली काही आभासी दारं त्याच कार्डाचा मॅक पत्ता घेऊन फिरतात. ‘टाइप’ची ओळ असली की नाव खऱ्या इथरनेट दारालाच लागतं, त्याच्या सावलीला नाही.

पायरी चौथी. पहिल्या पायरीत सापडलेल्या सगळ्या ठिकाणी जुन्या नावाच्या जागी ‘घर०’ लिहा. लिंकची फाइल केली आणि पत्त्याची फाइल तशीच ठेवली, तर आपण हातानं तोच घोटाळा केला.

पायरी पाचवी. संगणक सुरू होताना सगळ्यात आधी एक छोटी फाइलप्रणाली मेमरीत चढते, आणि नाव ठेवायचं काम कधी कधी तिथेच उरकतं. म्हणून आपली नवी फाइल तिच्यातही पोहोचवायची. डेबियन आणि उबुंटूवर त्यासाठी ‘सुडो’, ‘अपडेट’ हायफन ‘इनिटरॅमएफएस’, जागा, हायफन यू. फेडोरावर ‘सुडो ड्राकट’, जागा, हायफन एफ.

पायरी सहावी. मॉनिटर जोडलेलाच ठेवून संगणक पुन्हा सुरू करा आणि पुन्हा ‘आयपी लिंक’ बघा. यादीत ‘घर०’ दिसलं आणि फोनवर फोटो उघडले, की काम फत्ते. नाव बदललं नसेल तर फाइलची शेपटी, मोठी-लहान अक्षरं आणि मॅक पत्ता या तीन गोष्टी पुन्हा तपासा. पुष्कळदा चूक तिथेच सापडते.

उबुंटू सर्व्हरवाल्यांना हेच काम नेटप्लॅनच्या फाइलीतून करता येतं. तिथे ‘मॅच’खाली मॅक पत्ता द्यायचा, आणि हवं तर ‘सेट’ हायफन ‘नेम’ करून नाव द्यायचं. पण दोन्हीकडे नाव ठेवू नका, एकच जागा निवडा. नेटप्लॅनमध्ये पत्त्याचे बदल करताना ‘सुडो नेटप्लॅन ट्राय’ वापरा. १२० सेकंदांत तुम्ही होकार दिला नाही तर तो जुन्या सेटिंगवर आपणहून परततो.

मॅक पत्त्याला नाव बांधण्याचा एक तोटाही ऐकून ठेवा. कार्डच जळालं आणि नवं बसवलं, तर जन्मखूण बदलणार आणि फाइल सुधारावी लागणार. म्हणून स्वतःला एवढंच विचारा : माझ्या घरी जागा बदलायची शक्यता जास्त, की कार्ड बदलायची? घरच्या संगणकात आपण डिस्का आणि कार्डं सारखी इकडेतिकडे करतो, म्हणून मॅक पत्ता बरा. ऑफिसात जिथे बिघडलेलं कार्ड काढून त्याच खाचेत दुसरं घालतात, तिथे जागेवरून ठेवलेलं नावच बरं.

काही किरकोळ, पण उपयोगी

रास्पबेरी पायवर त्याची स्वतःची प्रणाली असेल तर तिथे ‘ईथ०’ आणि ‘डब्ल्यूलॅन०’ हीच नावं असतात. काही करायची गरज नाही. नवी पद्धत हवीच असेल तर ‘रास्पी-कॉन्फिग’मधल्या पुढच्या पर्यायांत ती चालू करता येते.

यूएसबीतून जोडायचं इथरनेट असेल तर डेबियन आणि उबुंटूवर त्याचं नाव ‘ईएनएक्स’ आणि पुढे सगळा मॅक पत्ता असं लांबलचक येतं. तीन अक्षरं आणि बारा, मिळून बरोबर पंधरा. मर्यादेला अगदी टेकलेलं! ते कुठल्याही यूएसबी खाचेत घाला, नाव तेच राहतं.

कार्डाला जादा नावंही असतात. ‘आयपी लिंक’च्या यादीत ‘ऑल्टनेम’ असं दिसलं तर ते पाळण्यातलं नाव आणि लाडाचं नाव असतं तसं समजा. कर्नलच्या ५.५ आवृत्तीपासून ही सोय आहे.

आणि ‘एलएसपीसीआय’ची यादी बघून नाव ताडायला जाल, तर तिथले नंबर सोळाच्या हिशेबात असतात आणि नावातले आपल्या नेहमीच्या दहाच्या. तिथे ‘०ए’ दिसलं तर नावात ‘पी१०’ असणार. यात गोंधळू नका.

भारतात जायच्या आधी

शेवटचा मुद्दा आपल्यासारख्यांसाठी खास. डिसेंबरमध्ये किंवा उन्हाळ्यात आपण तीन-चार आठवडे घर बंद करून भारतात जातो. संगणक इथे चालू असतो. तेवढ्यात इथली वीज जाते, परत येते, संगणक आपोआप सुरू होतो. पण आता तो महिनाभर मागे घेतलेल्या अपडेटसह, नव्या कर्नलसह सुरू होतो, कारण नवा कर्नल रीस्टार्ट केल्याशिवाय कामाला लागत नाही. त्यात नाव बदललं, तर तुम्ही साताऱ्याला आणि मॉनिटर जोडायला इथे कोणी नाही.

म्हणून जायच्या आठवडाभर आधी संगणक एकदा मुद्दाम रीस्टार्ट करा. जे बिघडायचं ते तुम्ही घरी असताना बिघडू दे. त्यानंतर परत येईपर्यंत अपडेट नाही, बायोसला हात नाही, नवं कार्ड नाही. संगणकावर एक चिकटपट्टी लावा आणि तीवर मॅक पत्ता, दाराचं नाव आणि राउटरमध्ये राखून ठेवलेला पत्ता लिहा. किल्ली ज्या शेजाऱ्यांकडे ठेवता त्यांना फोनवरून ती वाचून दाखवता येईल.

आणि फोटोंची एक दुसरी प्रत कुठेतरी वेगळी असू द्या, या संगणकाबाहेर. दाराचं नाव आज पक्कं झालं, पण डिस्क एक दिवस खरोखरच जाते. त्या दिवशी कुठलीही लिंकची फाइल कामाला येत नाही.

पुढच्या भागात हीच दुसरी प्रत कशी आणि कुठे ठेवायची ते पाहू. तोवर बेसमेंटमध्ये जाऊन एकदा ‘आयपी लिंक’ लिहा आणि आपल्या दाराचं आजचं नाव कागदावर टिपून ठेवा.